लेअर सरांचं पहिलं चित्र

आमचा कॉम्प्युटर क्लास चष्म्याच्या एका दुकानावर होता. जिना इतका अरुंद, की वरून कुणी येत असेल तर चढणाऱ्याने भिंतीला चिकटून उभं राहायचं. वर खोली एकच होती, मध्ये प्लायवूड ठोकून तिच्या दोन केलेल्या. अलीकडे मी हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकवायची आणि पलीकडे सर फोटो एडिटिंग. प्लायवूड काही छतापर्यंत पोचलं नव्हतं. माझे विद्यार्थी जमाखर्चात डोकं घालून बसलेले असायचे आणि वरून आवाज यायचा, "आधी नवा लेअर घ्या. घेतला? मागच्या रांगेने घेतला?"

लेअर म्हणजे फोटोवर पसरलेला पारदर्शक कागदच समजा. काय रंगवायचं ते त्या कागदावर रंगवायचं, खालचा फोटो जसाच्या तसा राहतो. सर प्रत्येक तासाची सुरुवात त्यानेच करत, म्हणून विद्यार्थी त्यांना लेअर सर म्हणत. सरांना हे ठाऊक होतं. मला एकदा म्हणाले, "मॅडम, नशीब समजा. इरेजर सर म्हणाले असते तर?"

सर मूळचे छापखान्यातले. कात्री, गोंद आणि पट्टी घेऊन पानं जुळवायचे. कॉम्प्युटर आला तेव्हा मालकांनी सांगितलं, शिका, नाहीतर दुसरं काम बघा. सर शिकले ते व्हिडिओ बघून. एक टक्कल पडलेला परदेशी माणूस त्यात अगदी हळू आवाजात शिकवायचा. त्याची भाषा सरांना ओ की ठो कळत नव्हती. स्क्रीनवरचा बाण कुठे जातो, कुठे थांबतो, काय दाबतो, एवढंच बघून सरांनी सगळं उचललं. त्या माणसाला ते "आमचे गुरुजी" म्हणत. गुरुजींना आपल्याला असा एक शिष्य आहे याचा पत्ता नसणार, पण सरांची निष्ठा पक्की. गुरुजींनी सांगितलेली एकही पायरी त्यांनी कधी गाळली नाही. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आणि एखादा मेनू इकडचा तिकडे झाला, की सर दिवसभर घरातलं सामान कुणी हलवल्यासारखे अस्वस्थ असायचे.

त्यांचे धडे ठरलेले होते. चहाच्या कपात गलबत. विजेच्या दिव्यात पोहणारा मासा. साल सोललेल्या सफरचंदाच्या आत संत्रं. प्रत्येक तुकडीतले चांगले मासे छापून भिंतीवर लावले जात. दर खेपेला दिवा तोच, मासा तोच, माशाच्या तोंडातून निघणारे बुडबुडेही त्याच जागी. एकदा त्यांच्या वर्गात बेकरी चालवणाऱ्या एक बाई आल्या होत्या. केकच्या खोक्यांवर स्वतः चित्रं छापायची म्हणून शिकत होत्या. त्यांनी भिंतीकडे बघत विचारलं, "सर, यातलं तुमचं कुठलं?"

"सगळी माझ्याच हाताखालची."

"तसं नाही हो. तुम्हाला सुचलेलं."

सर म्हणाले, "सुचायला वेळ कुठे मिळतो, बाई? चला, नवा लेअर घ्या." प्लायवूडच्या अलीकडून मला जाणवलं, त्यांना प्रश्नच नीट उमगला नव्हता.

वहिनींचं, म्हणजे सरांच्या बायकोचं, दोन गल्ल्या सोडून कपडे दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. दुकान कसलं, एक शिलाई मशीन, एक आरसा आणि गिऱ्हाइकाने उभं राहायला एक स्टूल. चेन बदलणं, पँट आखूड करणं, कोटाचं अस्तर लावणं. जिभेने तिखट बाई. म्हणायच्या, "माणूस बारीक व्हायचं ठरवतो आणि पँट घट्ट करायला माझ्याकडे देतो. थोड्या दिवसांनी तीच पँट सैल करायला आणतो. मी दोन्ही वेळा हसून घेते." मी त्यांच्याकडे कपडे द्यायचे आणि गप्पा घेऊन यायचे.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी वहिनींना दिवस गेले. सरांनी ही गोष्ट मला जिन्यात सांगितली, तीही इतक्या हळू की मला दोनदा विचारावं लागलं. वहिनी मात्र दुकानात पोटावर टेप धरून गिऱ्हाइकांना सांगायच्या, "आता माझंच माप रोज बदलतंय." सगळं ठीक चाललं होतं. आणि दिवस भरत आलेले असताना एका सकाळी पोटातली हालचाल थांबली.

वहिनींना भूल देऊन शस्त्रक्रिया करावी लागली. मुलगी होती. जन्मली तेव्हाच तिच्यात जीव नव्हता. नर्सने तिला कापडात गुंडाळून बाहेर सरांपाशी आणलं, क्षणभर दाखवलं आणि परत नेलं. पुढचं सगळं हॉस्पिटलनेच केलं. त्या काळात तिथे तशीच पद्धत होती. आईला दाखवू नये, त्रास होतो, असं सगळे म्हणत. वहिनी शुद्धीवर आल्या तेव्हा शेजारचा पाळणासुद्धा काढून नेलेला होता.

वहिनींनी विचारलं, "कशी होती?"

सर म्हणाले, "तुझ्यासारखी."

त्यानंतर त्या घरात हा विषय निघाला नाही. सर आठवड्याभरात कामावर आले. मी जिन्यात थांबले होते. ते म्हणाले, "मॅडम, पंखा दुरुस्त झाला का हो आपला?" मी म्हटलं, झाला. ते आत गेले आणि पलीकडून आवाज आला, नवा लेअर घ्या. त्या दिवशी मी माझ्या विद्यार्थ्यांना लवकर सोडलं.

वहिनींनीही दुकान उघडलं. तिखटपणा होता तसाच राहिला, पण लहान मुलांचे कपडे घेणं त्यांनी बंद केलं. कुणी आणलेच तर म्हणायच्या, "एवढ्या बारीक कामाला माझे डोळे चालत नाहीत." डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं.

अशी सात-आठ वर्षं गेली.

मग एका दुपारी एक बाई आपल्या मुलीला घेऊन दुकानात आल्या. शाळेच्या कार्यक्रमासाठी आणलेला झगा लांब होता, कार्यक्रम दुसऱ्या दिवशी, आणि दुसरं दुकान बंद. वहिनी नाही म्हणायच्या आत ती मुलगी स्टुलावर चढून उभी राहिली. वहिनी टाचण्या तोंडात धरून खाली बसल्या आणि घेर दुमडू लागल्या. मुलगी एका जागी उभी राहीना. तिची आई कौतुकाने म्हणाली, "जन्मापासून अशीच आहे हो," आणि फोनमधला फोटो वहिनींसमोर धरला. जन्मून तास-दीड तास झालेलं बाळ, लालबुंद, कपाळाला आठ्या.

वहिनींनी झगा पुरा करून दिला. मग दुकानाला कुलूप लावून त्या आमच्या क्लासवर आल्या. इतक्या वर्षांत त्या हा जिना पहिल्यांदाच चढल्या होत्या. दुपारची वेळ, सरांची खोली रिकामी. मी माझ्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत होते. त्यांना मी दिसले नाही, आणि खरं सांगायचं तर मीही खोकले नाही.

"अहो, तुम्हाला हे सगळं येतं ना?"

"काय सगळं?"

"हेच. दिव्यात मासा घालता. नसलेलं आहे असं दाखवता."

"हो, म्हणजे..."

"मग तिला काढा."

सरांची खुर्ची करकरली.

"तुम्ही पाहिलंत तिला. मी नाही पाहिलं," वहिनी म्हणाल्या. "त्या बाईकडे फोटो आहे. फोनमध्ये घेऊन हिंडते. माझ्याकडे काय आहे? तुझ्यासारखी होती, एवढा एक शब्द. तो मी किती वेळा काढून बघायचा?"

सर म्हणाले, "काढतो."

त्यांनी काय केलं, तर गुरुजींकडे गेले. जुने फोटो दुरुस्त करण्याचा व्हिडिओ पाहिला. दोन चेहरे एकमेकांत मिसळण्याचा पाहिला. आपला आणि वहिनींचा लहानपणचा फोटो घेतला, दोन्ही चेहरे एकावर एक ठेवले, एकाचं कपाळ, दुसरीची जिवणी, गाल गुबगुबीत केले, त्वचा गुळगुळीत केली. पायरीवर पायरी चढत गेले. चारेक दिवसांत एक गोड बाळ तयार झालं. दुधाच्या पावडरीच्या डब्यावर असतं ना, तसं.

वहिनी आल्या, त्यांनी पाहिलं. म्हणाल्या, "छान आहे. कुणाची आहे?"

सरांनी दुसरं केलं. मग तिसरं. डोळे लहान केले, रंग सावळा केला, केस घातले, केस काढले. वहिनी प्रत्येक वेळी दुकान बंद करून यायच्या, बघायच्या आणि मान हलवायच्या. एकदा सरांनी डोळे मिटलेलं बाळ केलं. फार सुरेख झालं होतं ते, मलाही दाखवलं होतं त्यांनी. वहिनी ते बघून म्हणाल्या, "ही झोपलीय. ती झोपली नव्हती."

जिना उतरताना त्यांची पावलं ऐकू येत होती. मी पलीकडे गेले तेव्हा सर स्क्रीनसमोर हात मांडीवर ठेवून बसले होते.

"मॅडम, हे कुठल्याच व्हिडिओत नाही हो," ते म्हणाले. "सगळे शोधले. गुरुजी म्हणतात, आधी फोटो उघडा. माझ्याकडे फोटोच नाहीये. काय उघडू?"

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. धाकटा भाऊ मोठ्या बहिणीला विचारतो तसं विचारत होते ते. मी म्हटलं, "पण तुम्ही पाहिलं होतं ना तिला? काय पाहिलंत?"

इतक्या वर्षांत त्यांना हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. ते सांगायला लागले. बोळ होता लांबलचक. ट्यूबलाइट फडफडत होती. नर्सच्या छातीवर घड्याळ उलटं टाचलेलं होतं. कापड फिकट हिरवं, धुऊन धुऊन विरलेलं, कडेचा एक धागा सुटून लोंबत होता. कापडाच्या बाहेर एक कान आला होता, डावा. वरची पाळी पुढे दुमडलेली, पान मुडपावं तशी. त्यावर ओले केस चिकटलेले, दहा-बारा असतील. आणि एक मूठ. अंगठ्याचं नख वाढलेलं होतं. "मला वाटलं, कापायला हवं. तेवढंच आलं माझ्या मनात, मॅडम. हिचं नख कापायला हवं."

"आणि चेहरा?"

"डोळ्यांत पाणी होतं," सर म्हणाले. "नर्सने कापड बाजूला केलं तेव्हा समोर सगळं नुसतं हलत होतं. मी डोळे पुसले, तोवर तिने झाकून घेतलं. पुन्हा दाखवा म्हणायचं मला सुचलं नाही."

माझी पुढची तुकडी जिन्यात गडबड करत होती. मी उठले आणि म्हटलं, "मग जेवढं दिसलं तेवढंच काढा ना." त्यात माझं काही शहाणपण नव्हतं. मला तास घ्यायला जायचं होतं आणि त्यांना तसंच सोडून निघणं जड जात होतं, म्हणून निघताना जे तोंडाला आलं ते बोलले.

दुसऱ्या दिवसापासून सर दुपारी एक कोरी फाइल उघडून बसू लागले. पांढरी, रिकामी. त्यांनीच मला सांगितलं, इतक्या वर्षांत आपण कधी कोरी फाइल उघडलीच नव्हती. नेहमी कुणाचा तरी फोटो असायचा, आणि काम त्याच्यावर व्हायचं. पहिले काही दिवस त्यांनी माऊसने कान काढून बघितला. तो कधी शिंपल्यासारखा व्हायचा, कधी बटाट्यासारखा. पुसायचे, परत काढायचे. मग एक दिवस घरातलं एक जुनं फिकट कापड घेऊन आले. ते भिजवलं, चुरगळलं, वाळवलं आणि स्कॅनरच्या काचेवर पसरून त्याचा फोटो घेतला. हिरवा रंग जुळेपर्यंत तो फोटो कमी-जास्त करत राहिले. कडेचा एक धागा नखाने उसवून सोडला. वहिनींच्या डब्यातला बारीक काळा दोरा आणला, बोटाने ओला केला, काचेवर चिकटवला. तो वळला, चिकटला, केसासारखाच. तो स्क्रीनवर आला तेव्हा सरांनी मला हाक मारली. "मॅडम, बघा हो, बघा," एवढंच म्हणाले आणि मग तोंड फिरवून खिडकी लावू लागले. खिडकी आधीच लावलेली होती.

कान साधता साधत नव्हता. तो सगळ्यात शेवटी आला. स्वतःच्या कानाची पाळी बोटाने दुमडून ते आरशात बघायचे. क्लासच्या मालकांनी त्यांना असं बघितलं एकदा. मालक मनाने वाईट नव्हते, पण वर्गात विद्यार्थी कमी होत चालले होते आणि त्यांना धडकी भरली होती. म्हणाले, "सर, लोक आता घरबसल्या फुकटात शिकतात. तुम्ही नवीन काहीतरी शिकवा, आणि इथे तुम्ही दोरे काय स्कॅन करताय?" सर म्हणाले, "संपत आलंय." मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले.

चेहऱ्याच्या जागी काय करायचं हे सरांना अजिबात माहीत नव्हतं. त्यांनी तिथे डोळे, नाक, तोंड काहीच काढलं नाही. एक काच आणली, तिच्यावर पाणी शिंपडलं, उजेडासमोर धरून तिचे फोटो काढले, आणि पाण्यातून पलीकडचं जसं वाकडंतिकडं, वितळल्यासारखं दिसतं तसा त्या जागी फक्त उजेड आणि सावली ठेवली. कुठे गाल असावा असं वाटायचं, पण धरायला गेलं की सुटायचं. बाकी सगळं लख्ख. धागा, कापडाची वीण, दुमडलेली पाळी, अंगठ्याचं नख.

वहिनी आल्या त्या दिवशी मी मुद्दाम निघून जाणार होते. पण जिना एवढासा, त्या वर येत होत्या. मी भिंतीला चिकटून थांबले. त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही थांबा." म्हणून मी दारात उभी राहिले.

त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. स्क्रीनकडे बघत राहिल्या. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. खाली चष्म्याच्या दुकानात कुणीतरी अक्षरं वाचून दाखवत होतं, चुकत होतं, पुन्हा वाचत होतं.

"चेहरा?" वहिनींनी विचारलं.

"मला दिसला नाही गं. डोळे भरले होते."

"मग तुझ्यासारखी म्हणालात ते?"

"तू विचारलंस. काहीतरी सांगायला हवं होतं."

वहिनींनी मान डोलावली. रागावल्या नाहीत. मला वाटत होतं त्या रागावतील. अगदी सावकाश म्हणाल्या, "म्हणजे तिला कुणीच पाहिलं नाही."

"नर्सने पाहिलं," सर म्हणाले.

वहिनी उठून गेल्या. पुढचे काही दिवस त्या दुकानात तर होत्या, पण कुणाशी धड बोलत नव्हत्या. मी एक परकर द्यायला गेले तर माप न घेताच ठेवून घेतला. सरांनी सांगितलं, घरीही तेच. दोघं जेवतात, भांडी घासतात, दिवा मालवतात. मग एका सकाळी घरच्या मशीनवर बसल्या बसल्या, मान वर न करता वहिनींनी सरांना विचारलं, "कान खरंच तसा होता?"

"हो."

"वरून दुमडलेला?"

"हो. डावा."

"माझ्या आईचा तसा होता," वहिनी म्हणाल्या. "ती लाजायची. केसांनी झाकून घ्यायची. तुम्ही लग्नात तिला पाहिलंत, पण कान पाहिला नसेल."

सरांनी तो पाहिलेला नव्हता. सासूबाईंच्या कानाबद्दल त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. वहिनींनी मशीनवरचा हात काढला आणि डोकं चाकावर टेकून रडल्या. ज्या रडण्याला वर्षांपूर्वी कुणी वाट दिली नव्हती, ते आता आलं. सर शेजारी जमिनीवर बसून राहिले. हे सगळं वहिनींनीच मला नंतर सांगितलं. म्हणाल्या, "ताई, कानाबद्दल ते खोटं बोलूच शकत नव्हते. त्यांना माहीतच नव्हता तो."

मग वहिनींनी हट्ट धरला, की नर्सला शोधायचं. हॉस्पिटलमध्ये गेले, तर जुनं फारसं कुणी उरलं नव्हतं. तो बोळही राहिला नव्हता, तिथे आता औषधांचं दुकान झालं होतं. तिथल्या एका जुन्या आयाने आठवून आठवून पत्ता दिला. ती नर्स निवृत्त होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला भाचीकडे राहत होती. दोघांनी मला बरोबर घेतलं. कशाला, ते मलाही कळलं नाही. कदाचित तिसरं माणूस असलं म्हणजे दोघांना धीर येतो.

नर्सबाई थकल्या होत्या, पण बोलायला चोख. आम्हाला बसवलं, पाणी दिलं. सरांनी छापलेलं चित्र कागदी पाकिटातून काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला आणि खूप वेळ बघितलं. कापडावरून बोट फिरवलं.

"कापड अगदी बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तेव्हा अशीच कापडं यायची. मी कितीदा सांगायचे, जरा मऊ आणा, या पोरांना टोचतात."

वहिनींनी विचारलं, "तुम्हाला तिचा चेहरा आठवतो का?"

नर्सबाईंनी चष्मा काढला. "नाही आठवत गं. खोटं कशाला सांगू? किती मुलं माझ्या हातातून गेली. जिवंत किती आणि तशी किती. मी सगळ्यांना पुसून घ्यायचे, नीट गुंडाळायचे. तिलाही केलं असणार. एवढं मात्र नक्की सांगते, तिला उघडं ठेवलं नसणार."

मला वाटलं वहिनी कोसळतील. पण त्यांनी त्या म्हाताऱ्या बाईचे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. निघताना नर्सबाई दारापर्यंत आल्या. सरांना म्हणाल्या, "नख वाढलं होतं म्हणता? भरल्या दिवसांची असली की वाढतात." सरांनी मान खाली घातली.

बसमध्ये आम्ही तिघं एका ओळीत बसलो होतो. वहिनी मध्ये. पाकीट त्यांच्या मांडीवर. मध्येच वहिनी म्हणाल्या, "पुसून घेतलं होतं तिला." सर म्हणाले, "हो." पुढच्या थांब्याला पुन्हा म्हणाल्या, "कुणीतरी पुसून घेतलं होतं." सर पुन्हा म्हणाले, "हो गं."

क्लास पुढच्या वर्षी बंद झाला. मालकांचा नाइलाज होता. सरांना खोक्यांच्या कारखान्यात काम मिळालं, औषधांच्या आणि बुटांच्या खोक्यांवरची अक्षरं जुळवायचं. दुसऱ्याने आखून दिलेलं, मोजून मापून करायचं काम, आणि ते तसंच करत. घरी मात्र अधूनमधून कोरी फाइल उघडायचे. त्यातून काही थोडी चित्रं झाली. वहिनींचा टाचण्या धरलेला हात. सासूबाई, पाठमोऱ्या, केस कानावर ओढणाऱ्या. ते त्यांनी वहिनींना विचारून विचारून केलं. आमच्या क्लासचा रिकामा जिना. एकदा चित्रांच्या एका दालनात ती दाखवायला नेली होती. तिथला माणूस म्हणाला, छान आहेत, पण यात समजायचं काय? सर घरी घेऊन आले. विकलं काही गेलं नाही, आणि त्यांनी पुन्हा दाखवलंही नाही कुणाला.

मुलीचं चित्र भिंतीवर लावलेलं नाही. वहिनींनी त्याच्याभोवती मऊ कापडाची पिशवी शिवली आहे आणि ते आपल्या पातळांच्या खाली ठेवलं आहे. बाहेर काढतात तेव्हा हात धुऊन काढतात, एवढं मला ठाऊक आहे.

मागे एकदा मी सहज त्यांच्या घरी गेले होते. सर भांडी घासत होते, वहिनी त्यांना ओट्यावर पाणी सांडल्याबद्दल बोलत होत्या. हसण्या-बोलण्यात तास गेला. मी उठले तेव्हा वहिनी मशीनवरून म्हणाल्या, "ताई, आम्ही तिचं नाव ठेवलं."

मी थांबले. वहिनींनी सुईत दोरा ओवायला घेतला होता आणि तो जाईना. सरांनी ओले हात पुसले, सुई त्यांच्याकडून घेतली आणि उजेडाला धरली. नाव काय, ते दोघांनीही सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.